गोदामात मांजर नाही

गल्लीच्या टोकाला धान्याचं गोदाम होतं आणि त्या गोदामाच्या राखणदाराला सगळी गल्ली कुलूप म्हणायची. तोंडावर भाऊ, पाठीमागे कुलूप. त्याला ते ठाऊक होतं. त्याला सगळंच ठाऊक असायचं, आणि जे ठाऊक नसायचं त्याचा संशय असायचा. संध्याकाळी दार लावलं की तो कुलूप तीनदा ओढून बघे, दहा पावलं चालून जाई, आणि परत येऊन चौथ्यांदा ओढे. ही चौथी ओढ कुलपावरच्या संशयाची नव्हती. आधीच्या तीन वेळा आपण नीट ओढलं की नाही, याचा तो संशय होता.

एकतीस वर्षं तो या कामावर होता. गोदाम लांबट, उंच छपराचं. दुपारी पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या आत उतरत आणि त्या काठ्यांत गव्हाची धूळ सावकाश वरखाली करत राही. थप्पीतलं कुठलं पोतं कधी आलं, कुणाच्या गाडीतून आलं, कुठल्या पोत्याची शिवण दुसऱ्यांदा घातलेली आहे, हे तो डोळे मिटून सांगे. कुणी पोतं आणून टाकलं की त्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, तोलायचं, शिवण उसवायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि तळातला मूठभर दाणा वर काढून बघायचा. माणूस वरून चांगलं भरतो आणि तळाला खोट दडवतो, असं त्याचं माणसांविषयी एकूण मत होतं.

त्याची एक रीत मात्र कुणाला माहीत नव्हती. दार लावण्याआधी तो चाळणीनं पिठाचा पातळ थर उंबरठ्यावर आणि मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर चाळायचा. सकाळी उकिडवा बसून तो थर वाचायचा. कोण आलं, कोण गेलं, कुणाची चाल घाईची होती. मग लगेच झाडून टाकायचा, कारण त्या पिठात उंदरांच्या शेपट्यांच्या रेघाही उमटलेल्या असत, आणि त्या कुणी बघता कामा नयेत.

कारण गोदामात उंदीर नव्हते. म्हणजे होते, पण नव्हते. त्याच्या आधीच्या राखणदारानं जाताना चाव्यांच्या जुडग्याबरोबर हाच एक धडा हातात ठेवला होता: उंदीर आहेत असं एकदा तोंडातून गेलं की व्यापारी माल दुसरीकडे नेतो. कुणी विचारलं तर उंदीर नाहीत. उंदीर नाहीत म्हणजे मांजरही नाही. दिसलंच एखादं, तर ते बाहेरचं, आत्ताच भिंतीवरून आलेलं.

अशी बाहेरची, आत्ताच भिंतीवरून आलेली तीन मांजरं गोदामात कित्येक वर्षं नांदत होती. भुरी, काजळी आणि एक कान तुटलेला बोका. बोका छपराखालच्या तुळईवर राही आणि कुणाच्याच वाऱ्याला उभा राहत नसे, म्हणून कुलूपला तो मनातून आवडे. भुरी आणि काजळी मात्र लाघवी होत्या. त्यांचं सगळ्यात जास्त जमायचं ते गोदामाच्या कुत्र्याशी. हवालदार त्याचं नाव. तपकिरी, जाडजूड, भुंकण्यात गडी वस्ताद आणि चावण्यात अगदीच कच्चा.

वर्षाच्या मध्यावर हवालदार आजारी पडला. खाणं सुटलं, डोळे विझले, हिरड्या फिक्या पडल्या आणि एका सकाळी नाकातून रक्त आलं. कुलूपनं त्याला हातगाडीवर घालून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी हवालदाराचा कान उलटा केला, बोटांच्या बेचक्या फाकल्या आणि चिमट्यानं फुगलेल्या गोचिड्या एकेक काढून बशीत ठेवल्या. हा गोचिडीचा ताप, त्या म्हणाल्या. गोचीड रक्त पिते ते पिते, वर जाताना रोगही देऊन जाते. तीन आठवडे गोळ्या चालल्या आणि हवालदार उठला. मग डॉक्टरबाईंनी पुढची काळजी समजावली: रोज कान आणि बेचक्या तपासायच्या, झोपायचं पोतं उन्हात टाकायचं, आणि महिन्यातून एकदा मानेवरचे केस बाजूला करून ही गोचिडीच्या औषधाची नळी कातडीवर रिकामी करायची. खोक्यातल्या दोन सुट्या नळ्या त्यांनी त्याच्या हातावर ठेवल्या आणि ठेवता ठेवता विचारलं,

“काका, तुमच्याकडे मांजर आहे का?”

बाकावर एक धान्याचा दलाल आपला कुत्रा घेऊन बसला होता. कुलूपनं त्याच्याकडे पाहिलं, दलालानं कुलूपकडे पाहिलं.

“छे. मांजर कशाला असेल गोदामात?”

मग त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मांजर नाही, तर बोलायचं कारण उरलं नव्हतं. नळीवर मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. ते त्यानं चष्मा लावूनही वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षरं सुरकुत्यांत गेली होती.

पहिली नळी लावल्यावर तिसऱ्या दिवशी भुरी मेली.

सकाळी ती जिन्याखाली सापडली. पाय ताठ, तोंडाभोवती सुकलेली लाळ. आदल्या दिवशी तिचे कान सारखे फडफडत होते, पण तो माल उतरवण्याच्या धांदलीत होता. त्यानं तिला मागच्या बाजूला पुरलं. मातीवर दगड ठेवताना त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चार वर्षांची धडधाकट मांजर अशी मरत नाही. तिला कुणीतरी मारलं.

मग कुलूप कामाला लागला. दलाल दोनदा गोदामाच्या मागून जाताना दिसला होता, त्याची नोंद मनात झाली. गोदामाच्या मालकांना मांजरं आवडत नसत, तीही झाली. घरी जेवताना तो बायकोला म्हणाला की भुरीला विष घातलंय आणि घालणारा जवळचा आहे. बायकोनं वाढता हात थांबवला आणि विचारलं, अहो, माझ्यावर तर संशय नाही ना? त्यानं उत्तर द्यायला जरा वेळ लावला. दुसऱ्या दिवशी त्याला सकाळचा चहा मिळाला नाही.

शेवटी सगळी बोटं एकाच दाराकडे वळली. गोदामाच्या मागच्या खिडकीसमोर, हातभर रुंदीच्या बोळापलीकडे, शिंपीणबाईंचं दुकान होतं. नवरा गेल्यावर बाईंनी मशीन स्वतः चालवायला घेतलं होतं आणि आता त्यांच्या हातचा कोट घालून लोक लग्नाला उभे राहत. बाईंचं आणि कुलूपचं मांजरांवरून नेहमी वाजायचं. काळ्या कापडावर पांढरे केस येतात, गिऱ्हाईक मला बोलतं, तुमच्या मांजरांना आवरा. आणि कुलूपचं ठरलेलं उत्तर, माझी मांजरं नाहीतच, बाहेरची आहेत.

भुरी गेल्यावर तो खिडकीच्या कट्ट्यावरचं पीठ जास्तच बारकाईनं वाचू लागला. एका सकाळी त्याला त्यात दुसरीच पांढरी पूड दिसली. पिठापेक्षा जड, किंचित निळसर, आणि कट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे बोळाकडून आलेली. त्यानं ती पोस्टकार्डानं खरवडली, कागदात पुडी बांधली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. त्या दिवसापासून तो शिंपीणबाईंच्या खिडकीकडे बघे, आणि बघावं तेव्हा शिंपीणबाई त्याच्या खिडकीकडे बघत असत. इथंच पाणी मुरतंय, त्यानं ठरवलं. उगाच कोण कशाला बघेल?

दरम्यान काजळीला थप्पीमागे चार पिल्लं झाली. पिल्लं दोन आठवड्यांची झाली, डोळे उघडले, आणि महिना भरला म्हणून कुलूपनं हवालदाराच्या मानेवर दुसरी नळी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो थप्पीमागे गेला तर पिल्लं ओरडत होती आणि काजळी बाजूला पडली होती. अंगावरची कातडी जागोजाग उडत होती, जणू आतून कुणी टिचक्या मारत होतं. तोंडातून लाळेची तार. बुबुळं इतकी मोठी की डोळ्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. तिनं त्याला पाहून उठायचा प्रयत्न केला आणि चारही पाय चार दिशांना गेले.

त्याचा जीव टांगणीला लागला. त्यानं तिला रिकाम्या पोत्यात गुंडाळलं, दार लावलं, कुलूप एकदाच ओढलं आणि धावला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, कुणाची? तो म्हणाला, रस्त्यावरची. तोंडातून तेच आलं, एकतीस वर्षांच्या सवयीनं. त्यांनी पोटाकडे पाहिलं, दूध भरलेलं होतं. पिल्लं कुठंत? तो म्हणाला, असतील कुठंतरी. अंगाला कुणी काही लावलंय का, काही लागलंय का? रस्त्यावरच्या मांजराला कोण काय लावणार, तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून खरं वाटत होतं. मग त्यानं आवाज खाली आणला, खिशातली पुडी काढली आणि टेबलावर उघडली. हे विष आहे. घालणारी कोण तेही मला ठाऊक आहे.

डॉक्टरबाईंनी पूड बोटावर घेतली, चोळली, वास घेतला, आणि स्वतःच्या काळ्या पर्सवर त्या बोटानं एक सरळ रेघ ओढली.

“काका, हा खडू आहे. शिंप्याचा.”

म्हणजे तीच, तो म्हणाला. डॉक्टरबाईंनी मान हलवली. खडूनं मांजर मरत नाही, एवढंच त्या बोलल्या. त्यांनी काजळीला सुई दिली, पायाला सलाईन लावलं, आणि थरथर जरा सैलावली. मग त्या त्याच्याकडे वळल्या. ही थरथर मी दाबून धरलीय, थांबवलेली नाही. जे तिच्या पोटात किंवा अंगावर गेलंय ते काय आहे, हे कळलं नाही तर ती परत सुरू होईल, आणि तेव्हा माझा इलाज चालेलच असं नाही. जा, जिथं सापडली तिथं बघा, लोकांना विचारा. वेळ फार नाही.

कुलूप निघाला तो सरळ शिंपीणबाईंच्या दुकानात. बाई कोटाच्या बाहीला टाचण्या लावत होत्या, चार टाचण्या ओठांत धरलेल्या.

“ताई, माझ्या मांजरीला काय घातलंत?”

बाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. घाई केली नाही.

“तुमच्याकडे मांजर आहे होय, भाऊ? इतकी वर्षं तर नव्हती.”

त्यानं तो टोला बाजूला सारला. मग तो खडूचं बोलला, खिडकीचं बोलला, रोज बघत बसता त्याचं बोलला. बाईंनी ते नाकारलं नाही. हो, बघते, त्या म्हणाल्या. दोन्ही मांजरी सकाळी कट्ट्यावर येतात, मी हात बाहेर काढून त्यांच्या पाठीवरून फिरवते. खडूचे हात असतात माझे दिवसभर, पूड सांडत असेल. केस येतात म्हणून ओरडते, कारण केस येतात. म्हणून काय कुरवाळायचं नाही? नवऱ्यावरही ओरडत होते मी. आणि मी खिडकीत बसते म्हणून एक गोष्ट मला दिसली, ती तुम्हाला महिनाभर सांगायची होती, पण तुम्ही मला बघितलं की खिडकी लावून घेता.

“दुपारी काजळी कुठं झोपते, ठाऊक आहे तुम्हाला?”

त्याला ठाऊक नव्हतं. दुपारी तो पुढच्या दारात बसे, माणसांवर नजर ठेवून.

“तुमच्या मागच्या खिडकीखाली, हवालदाराच्या मानेवर. गाल टेकून. उठली की त्याची मान चाटते, मग स्वतःचे पंजे चाटते. आधी ती भुरीची जागा होती, ती गेल्यावर काजळीनं घेतली. आणि भुरी गेली त्याच्या आधी त्या कुत्र्याची मान तेलकट दिसत होती, कालपासून परत तशीच दिसतेय. मी शिंपीण आहे, भाऊ, मला औषधातलं कळत नाही. पण डाग मला लांबून दिसतो.”

कुलूपच्या मनात आधी आलं ते हेच, की ही बाई स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलतेय. आजवर त्यानं कुणाच्या शब्दावर एक पोतं आत घेतलं नव्हतं. पण पोतं तोलता येतं. त्यानं बोळ ओलांडला, हवालदाराजवळ गुडघे टेकले आणि त्याच्या मानेत नाक खुपसलं. उग्र, जरासा गोडसर, रॉकेलच्या जवळ जाणारा वास. हवालदारानं शेपूट हलवली, कारण त्याच्या सात वर्षांच्या आयुष्यात कुलूपनं त्याला असं जवळ घेतलं नव्हतं.

दवाखान्यात पोचल्यावर तो कुणाशी न बोलता टेबलाजवळ गेला आणि काजळीच्या गालाला नाक लावलं. तोच वास. बाकावर आजही दोन-तीन माणसं होती. एक त्याच्या ओळखीचा हमाल होता, आणि हमालाला कळलं की बाजाराला कळलं. कुलूपनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

“डॉक्टरबाई, ही माझी मांजर आहे. गोदामात तीन मांजरं होती, आता दोन आहेत. चार पिल्लं आहेत. तुम्ही कुत्र्यासाठी नळी दिलीत तेव्हाही होती. गोदामात उंदीर आहेत, पुष्कळ आहेत. ही त्या कुत्र्याच्या मानेवर झोपते.”

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तो त्यांनी गिळला नाही. मी विचारलं होतं, काका. कुत्र्याचं हे औषध मांजराच्या अंगात पचत नाही, कुत्र्याला जे तारतं ते हिला मारतं. मांजर आहे म्हणाला असतात तर मी दुसरं दिलं असतं. एका शब्दाचं काम होतं. हे बोलता बोलताच त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. कोमट पाणी, भांडी घासायचा पातळ साबण. दोघांनी मिळून काजळीला बेसिनमध्ये धरलं, गाल, मान, पंजे, छाती, दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं. पाणी गरम नको, गरम पाण्यानं औषध आणखी आत शिरतं, हे त्यांनी त्याला सांगितलं आणि त्यानं पहिल्यांदा कुणाचं तरी सांगणं पुन्हा न विचारता ऐकलं. तिनं हात ओरबाडले. ओरबाडतेय हे चांगलं लक्षण आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या.

तीन दिवस काजळी दवाखान्यात राहिली. पहिल्या दिवशी थरथर दोनदा परत आली, दुसऱ्या दिवशी एकदा. त्या तीन दिवसांत पिल्लांचं काय, हा प्रश्न कुणी सोडवायच्या आधीच सुटला होता. शिंपीणबाईंनी बोळातून हाक मारून पिल्लं मागितली, आणि कुलूपनं पोत्यात घालून ती खिडकीतून दिली, आधी चार मोजून. दवाखान्यातून मांजराच्या पिल्लांची दूधपावडर आली. बाई ड्रॉपरनं पाजत, पिल्लांना पोटावर ठेवून, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, म्हणजे दूध छातीत जात नाही. कुलूप बोळापलीकडून लक्ष ठेवून होता. संशय म्हणून की काळजी म्हणून, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी काजळी घरी आली, म्हणजे गोदामात आली. हवालदाराला तोवर आंघोळ घालून पुढच्या दाराशी बांधलं होतं. डॉक्टरबाईंनी त्याच्यासाठी आता दुसरी गोळी दिली, तोंडानं द्यायची, मानेला काही लावायचं नाही. आणि त्यांनी कार्डं केली. हवालदाराचं, काजळीचं, बोक्याचं, पिल्लांची पुढं करायची. पिसाळण्याची लस कधी, जंताचं औषध कधी, नाक गळणाऱ्या तापाची लस कधी. बोक्याला धरताना कुलूपच्या कोपरापासून मनगटापर्यंत तीन लाल रेघा उमटल्या. कार्डावर मांजरांचा पत्ता लिहायची जागा होती. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं गोदाम असं लिहिलं.

हमालानं आपलं काम चोख केलं होतं. आठवड्यानं मालक आले आणि त्यांनी विचारलं, लोक म्हणतात इथं मांजरं आहेत. कुलूपनं कार्डं त्यांच्या हातात दिली. मालकांनी ती बराच वेळ उलटसुलट केली आणि शेवटी एवढंच म्हणाले, एका व्यापाऱ्यानं माल हलवायचं म्हटलंय, दुसऱ्यानं मात्र विचारलंय की त्याच्या दुकानासाठी यातलं एखादं पिल्लू मिळेल का. कुलूपनं त्या दुसऱ्या व्यापाऱ्याची माणसं कशी आहेत, घरात कुत्रा आहे का आणि त्याला काय लावतात, हे आधी विचारून घ्यायला सांगितलं.

राहिली होती ती एकच गोष्ट. ती आठ दिवस राहिली. बायको म्हणाली, अहो, जाऊन बोला ना शिंपीणबाईंशी, त्या काय खाणार आहेत तुम्हाला? तो म्हणाला, बघू. नवव्या दिवशी त्यानं पेटीतून आपली बरी पँट काढली आणि बोळ ओलांडून शिंपीणबाईंच्या दुकानात गेला. ही उंचीला कमी करायची आहे, तो म्हणाला.

बाईंनी पँट कमरेशी धरली, खाली पाहिलं, टेप लावली, परत पाहिलं. पँट बरोबर होती. अर्धं बोटही जास्त नव्हती. त्यांनी वर पाहिलं तर कुलूप मशीनच्या चाकाकडे टक लावून उभा होता. काजळी दाराशी आली होती आणि एक काळं पिल्लू तिच्या मागून बाहीच्या कापडावर चढत होतं.

“किती कमी करू?”

“तुम्हाला वाटेल तेवढी.”

बाईंनी पँट घडी घालून फळीवर ठेवली, कापडावरचं पिल्लू उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“उद्या या. पण भाऊ, आत्ता खिसे उलटे करून दाखवा. पुन्हा माझा खडू पुडीत बांधून नेलेला नाही ना, बघते.”

त्यानं पिल्लू एका हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. नीट, सावकाश, तळापर्यंत.